कानिफबापूंनी उचललेला भंडारा

बाभळेवाडीत पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, मिठापासून लापशीपर्यंत सगळं वाढून झालं, तरी कोणी पानाला हात लावत नसे. जो तो मान वळवून कानिफबापूंकडे बघत बसे. बापू सावकाश घसा खाकरत, उजवा तळवा कानाला लावत आणि देवाच्या नावाचा असा काही घोष करत की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागत. मग सगळी पंगत त्यांच्यामागून तोच घोष करी आणि त्यानंतर पहिला घास. लग्न असो, बारसं असो, नाहीतर सप्त्याचा काला असो, घोष बापूंचाच. एकदा तालुक्याचा एक पुढारी पंगतीला आला होता. त्याला पुढच्या सभेची घाई होती, पण बापू विहिरीवर हातपाय धुवायला गेलेले. पुढारी घड्याळाकडे बघत, हाताची घडी घालून, लापशीचा वास घेत मुकाट बसून राहिला.

हा मान बापूंना वडिलांकडून आला होता. शेती बेताची, मोसंबीची बाग नाही की ऊस नाही, शाळा तिसरीपर्यंत. पण माणसाला एक गोष्ट चांगली येत असली की जगायला पुरते. बापूंना ओरडता येत होतं आणि जेवता येत होतं. त्यांचा जेवणाचा आवाकाही आवाजाला शोभेसा होता. आपण सुरुवात केली की शेपाचशे माणसं मागून येतात, ही त्यांची जन्माची सवय होती. पुढे ज्या फासात ते अडकले, तो या सवयीनेच विणला.

गावच्या शाळेचे हेडमास्तर विष्णुपंत. धोतर, काळी टोपी, खिशाला पेन आणि मनात गाव सुधारण्याची हौस. नगरला त्यांनी व्याख्यानमाला ऐकल्या होत्या, तेव्हापासून दर हिवाळ्यात मारुतीच्या देवळापुढे तेही तीन दिवस व्याख्यानं ठेवत. घोडेगावहून भाड्याने लाऊडस्पीकर यायचा. लोक येत, कारण सांजेला दुसरं करायला काही नसे. कधी संकरित बियाण्यावर व्याख्यान, कधी दातांच्या आरोग्यावर. ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, शेंगा खायच्या, घरी जायचं.

सत्तरच्या हिवाळ्यात मात्र पंतांनी पुण्याहून एक प्राध्यापक आणले. विषय होता धर्म आणि माणसाचे हक्क. प्राध्यापक बोलायला धारदार होते. त्यांनी आधी घटना सांगितली, मग संतांची शिकवण सांगितली आणि मग एकदम विचारलं, "तुमच्या गावच्या पंगतीचं मी फार कौतुक ऐकलं. त्या पंगतीत कोण कुठे बसतं हो?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. देवळाच्या भिंतीच्या आत गाव बसे. बौद्धवाड्याला आणि मांगवाड्याला जागा भिंतीबाहेर, लिंबाखाली, आपापली भांडी घेऊन, आणि तीही गाव उठल्यावर. बौद्धवाड्याला गाव अजून जुन्याच नावाने हाक मारत होतं. त्या सांजेलाही तिथला भिमाजी आणि त्याच्या वाड्यातली चारदोन माणसं मैदानाच्या कडेला, उजेड संपतो तिथे बसून व्याख्यान ऐकत होती.

"देव कोणाला वेगळं वाढत नाही," प्राध्यापक म्हणाले, "वेगळं वाढतो तो वाढपी. मला टाळ्या नकोत. ज्यांना हे बंद करायचंय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर जाईना. पंत खुर्चीत चुळबुळले. लाऊडस्पीकर नुसता खरखरत राहिला. आणि पुढच्या रांगेत बसलेल्या कानिफबापूंना राहवेना. ते न्यायासाठी होतं असं म्हणवत नाही. पाहुणा वाढल्या पानावर बसलाय आणि घोष द्यायला कोणी नाही, असं काहीतरी त्यांना वाटलं. गावाची इज्जत चालली, आता आपणच तोंड उघडलं पाहिजे!

बापू उठले आणि थेट मारुतीशेजारच्या खंडोबाच्या घुमटीत गेले. चिमूटभर भंडारा आणि बेलाचं पान घेऊन परत आले. आपल्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण बेल आणि हळदीचा भंडारा हातात धरून बोलायचं म्हटलं की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, देवाची शपथ कशाला? मनाशी ठरवा, तेवढं पुरे."

"मनाचं काय घिऊन बसलात, सायेब," बापू म्हणाले, "मन सकाळी येक आन् सांजला येक. ह्यो खंडोबा हाय."

लोक हसले. बापूंनी हात कपाळाला लावला आणि पंगतीतल्या घोषाच्या आवाजात बोलले, "ज्या पंगतीला गावातला येक जरी मानूस येगळा बसवला, त्या पंगतीला मी घोष देनार न्हाई, आन् तिथं घासबी घेनार न्हाई!"

आणि मागून हात वर आले. सरपंच मच्छिंद्राचा आला, पंतांचा तर दोन्ही आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूंची छाती फुगली. पाठीमागे सगळी पंगत उभी आहे, असंच त्यांना वाटलं. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. हात पुष्कळ वर आले, पण भंडाऱ्याला दुसऱ्या कोणी बोट लावलं नव्हतं.

चैत्रात सप्त्याचा काला आला. भिंतीच्या आत गाव बसलं. भिंतीबाहेर, लिंबाखाली, मांगवाड्यातली माणसं भांडी घेऊन उभी. काहीही बदललेलं नव्हतं. वाढून झालं, माना वळल्या. बापूंनी तोंड मिटून घेतलं.

"बापू, भात निवतोय," मच्छिंद्र म्हणाला.

"ते भाईर का? हात वर केलं हुतं ना आपुन?"

"अवं, भाषनातलं भाषनात! देवाच्या काल्यात कशाला?"

"तुमी हात वर केला. म्या भंडारा उचललाय."

पंगत ताटकळली. पोरं रडायला लागली. कोणी म्हातारा म्हणाला, बापूला पुढारपणाची हौस आली. शेवटी मच्छिंद्रानेच फाटक्या आवाजात घोष दिला. आवाज चिरकला, दोघंतिघं हसले, पण हात मात्र सगळ्यांचे पानाकडे गेले. त्याच घोषाने गाव जेवलं. पंतही जेवले, मान खाली घालून.

बापू घरी आले ते तोंड पाडून. लेक चांगुणा जात्याशी बसली होती. "दादा, जेवलात?" तिने विचारलं. बापूंनी मान हलवली. तिने जास्त काही विचारलं नाही, चुलीवर तवा टाकला. तेव्हापासून ही रीतच पडली. बापू पंगतीला गेले की चांगुणा दुरडीत एक भाकरी फडक्याखाली झाकून ठेवायची आणि ते आले की तेच विचारायची.

आता कोणी म्हणेल, बापूंनी पंगतीला जायचंच सोडायचं. पण गावात ज्याच्या मांडवात तुम्ही गेला नाहीत, तो तुमच्या मढ्याला येत नाही. जावं तर लागेच. म्हणून बापू वाढपी झाले. खांद्यावर उपरणं, हातात आमटीची बादली, "घ्या की अजून" म्हणत रांगेतून फिरायचे. ज्या माणसाची ओळखच जेवण होती, तो बुंदीच्या पाट्या उचलून दुसऱ्यांच्या पानात रिकाम्या करत होता. लोक मुद्दाम हाका मारत, "बापू, इकडं लापशी! बापू, तूप कसं झालंय?" आधी थट्टा, मग कीव, मग सवय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं म्हणजे काय, ते बापूंना त्या दिवसांत कळलं.

राहीबाई, बापूंची बायको, शिंगणापूरची. ती फणकाऱ्याने म्हणायची, "माझ्या म्हायेरात घराला दारं न्हाईत, पन कुनाची चोरी हुत न्हाई. आन् तुमी? उघड्यावर ऱ्हाऊन सोताला कोंडून घेतलंया!"

"भंडारा हाय तो, राहीबाई."

"मंग भंडाऱ्याचीच भाजी करून घाला आमाला."

त्यात भर व्याख्यानांची. पंतांनी बापूंची हकीगत पुण्याला कळवली, आणि तालुक्यात जिथे समतेची सभा होई तिथून बापूंना बोलावणं यायला लागलं. नेवासा, शेवगाव, कुठे कुठे. स्टेजवर खुर्ची, गळ्यात हार, हातात शाल आणि नारळ. वक्ता बापूंकडे हात करून म्हणायचा, "पाहा, हा खरा माणूस!" टाळ्या व्हायच्या. बापू खाली बघत बसायचे. जत्रेत दोन डोक्याचं वासरू दाखवतात तसे लोक त्यांना बघून जात. आणि खरी मेख पुढे होती. सभा उरकली की पाहुण्यांचं जेवण कोणा बड्याच्या घरी असायचं. वक्ते आत पाटावर बसत, आणि ज्यांच्या हक्कांवर तास दीड तास भाषण झालं, ती माणसं अंगणात. बापू म्हणत, "मला उपास हाय." सत्कार उपाशी राहण्याचा आणि सत्कारानंतर उपाशी राहणं पुन्हा वेगळं! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दुसरं काय. शाली मात्र साठल्या. राहीबाईने त्यातल्या दोन गोधडीच्या अस्तराला लावल्या.

मग दुष्काळ आला. लागोपाठ पाऊस रुसला, आणि बहात्तरच्या साली तर विहिरीच्या तळाची माती तडकली. गाव घोडेगावच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलं. तिथे पाटील नव्हता की कोणी नव्हता, सगळ्यांच्या हातात हातोडा. बापूंच्या शेजारच्या ढिगावर भिमाजी बसायचा. उंच, हाडकुळा, बोलायला थोडा तिखट. दुपारची सुट्टी झाली की गाव एका लिंबाखाली आणि भिमाजीचा वाडा दुसऱ्या. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकरी दोन्हीकडे सारख्याच कडू. बापू मधेच, उन्हात, ढिगावर बसून आपली भाकरी खात. हीही पंगतच, असं त्यांनी धरलं होतं.

एकदा भिमाजी हसत म्हणाला, "बापू, तुमी आमच्यापायी उपाशी, आन् आमी दुष्काळापायी. पोटाला फरक कळतो व्हय?"

"तुज्यासाठीच उचलला रं भंडारा."

"आमाला इचारलं हुतं का?" भिमाजीने हातोडा खाली ठेवला. "त्या दिशी आमी कडंला बसल्यालो हुतो. त्या सायेबानंबी इचारलं न्हाई, तुमीबी न्हाई. आमच्या वाड्यानं तुमच्या पंगतीचं अन्न कवाच सोडलंय, बापू. आमाला देवळातल्या लापशीची हौस न्हाई. तुमी वाट बगताय आमी आत यायची, आन् आमी तर तिथनं निघून आलोय."

बापूंच्या हातातला घास हातातच राहिला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, दाराला कडी गावाने घातलीय आणि गाव आज ना उद्या ती काढील. आता कळलं, पलीकडच्या बाजूनेही कोणी यायचं नव्हतं. मग शपथ सुटणार कशी? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं ते जनावर त्यांच्या हाती आलं होतं.

अशात चांगुणाचं लग्न ठरलं. मुलगा राहुरीकडचा, बागायतदार घरचा, कारखान्यात नोकरीला. त्याचे वडील राधाकृष्णराव मनाने मोठा माणूस. दुष्काळ बघून म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको, आमी धा मान्सं कमीच आनू." आणि मग बापूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "येकच मागतो. तरुनपनी मढीच्या जत्रंत तुमचा घोष ऐकला हुता. अजून कानात हाय. माझ्या लेकाच्या पंगतीला घोष तुमचा पायजे. आन् आपुन दोघं व्याही शेजारी बसून जेवायचं."

मागणं काय, कोणीही आनंदाने मान डोलवली असती. शिवाय ती रीतच होती. मुलीच्या बापाने व्याह्याच्या शेजारी बसून घास घेतला नाही, तर व्याही हात धुऊन पानावरून उठतो, आणि व्याही उठला की वऱ्हाड उठतं. बापूंनी चाचरत सुचवून पाहिलं, "पंगतीत सगळ्या गावाला बसवलं तर? बौद्धवाडा, मांगवाडा?" राधाकृष्णरावांचा चेहरा पडला. "माझी ना न्हाई हो. पन आमच्यातली जुनी मान्सं उठून जातील. पोरीच्या पयल्याच दिशी कशाला?"

बापूंची झोप उडाली. शपथ मोडावी तर खंडोबाचा कोप, आणि तो पडणार कोणावर? ज्या पोरीच्या अंगाला हळद लागायची तिच्यावर. शपथ पाळावी तर भरल्या मांडवातून वऱ्हाड परत. घोष दिला तरी चांगुणाच, न दिला तरी चांगुणाच. पंतांकडे गेले तर पंत म्हणाले, "बापू, संकल्प हा भावनेने घ्यायचा असतो, शब्दाने नव्हे." आता भावनेने घेतलेला भंडारा खाली कसा ठेवायचा, ते काही पंतांना सांगता येईना. मच्छिंद्र म्हणाला, "तुमच्या लेकीचं लगीन, तुमी कुनालाबी बसवा. पन मग मला धरू नगा."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात बापू बौद्धवाड्यात गेले. भिमाजीने गोधडी अंथरली. बापू बसले ते अगदी कडेला.

"चांगुणाच्या लग्नाला ये," ते म्हणाले. "पंगतीत माझ्याशेजारी बस. मंग माझा घोष सुटंल."

"व्याह्याला इचारलं?"

बापू गोधडीचा दोरा उपसत बसले.

"मंजी मी यिऊन बसायचं," भिमाजी सावकाश बोलला, "वऱ्हाड उठून जायचं, चांगुणाचं लगीन मोडायचं, आन् खापर फुटायचं आमच्या वाड्यावर. उद्या खडीच्या कामावर आमाला कोन उभं करंल? बापू, शपत तुमची आन् वझं आमच्या डोक्यावर?"

तेवढ्यात भिमाजीची बायको, बायडाबाई, गुळाचा काळा चहा घेऊन आली. कपबशी तिने बापूंच्या पुढ्यात ठेवली आणि दाराशी उभी राहिली.

बापूंनी कपाकडे बघितलं. वाफ येत होती. त्यांनी हात उचलू पाहिला, पण तो गुडघ्यावरच थांबला. आजवर या घरात पाणीसुद्धा ते प्याले नव्हते. कोणी मनाई केली नव्हती, शपथेतही तसं काही नव्हतं. पण कधी प्याले नव्हते खरं. पंगत एक व्हावी म्हणून ज्याने इतका उपास काढला, त्याच्या हाताला एक कप उचलवेना. पाठीमागे बाप, आजा, पणजा सगळे मनगट धरून बसले होते. चहाची वाफ विरून गेली.

"ऱ्हाऊ द्या, बापू," भिमाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "भंडारा आमच्यासाठी उचलला हुता ना? मंग आमीच सांगतो, खाली ठिवा. जावा. लेकीचं लगीन करा."

बायडाबाईने कप उचलला आणि चहा परत भांड्यात ओतला. "गूळ लई म्हाग झालाय," ती कोणाला उद्देशून नाही अशी म्हणाली.

त्र्याहत्तरच्या वैशाखात लग्न लागलं. पाणी बैलगाडीतून, लाकडाच्या पिंपातून आणलेलं. लापशी जरा पातळच होती, पण होती. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगत बसली; मांगवाड्यातली माणसं नेहमीसारखी मांडवाबाहेर भांडी घेऊन उभी. राधाकृष्णराव पाटावर बसले, शेजारचा पाट रिकामा. वाढून झालं. माना वळल्या. दोन वर्षांनी सगळं बाभळेवाडी गाव पुन्हा बापूंकडे बघत होतं, आणि वऱ्हाडही.

बापूंनी एकदा बौद्धवाड्याकडच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. कोणी येणारही नव्हतं. घरात बायकांच्या घोळक्यात चांगुणा होती. बापूंनी तळवा कानाला लावला.

आवाज आला. पहिल्यासारखाच आला, हे त्यांना फार लागलं. बसला असता, फाटला असता तर बरं झालं असतं. पण तो ओढ्यापार गेला, कुत्री भुंकली, पंगतीने साथ दिली आणि राधाकृष्णरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "धन्य झालो," ते म्हणाले आणि त्यांनी बापूंना हाताला धरून पाटावर बसवलं. बापूंनी घास घेतला. लापशी गोड होती. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. दोन वर्षांचं पोट होतं ते, थांबेना. वीज पडली नाही, मांडव जळला नाही. कोणी एका शब्दाने विचारलं नाही की बापू, भंडाऱ्याचं काय?

समोरच्या रांगेत विष्णुपंत होते. मठ्ठा पिऊन, ओठ पुसून ते वाकून म्हणाले, "बापू, पुढल्या रविवारी नेवाशाला सभा आहे, न्यायावर. तुमचा सत्कार ठेवलाय. संकल्पाबद्दल दोन शब्द सांगायचे."

"पंत, मी तर आत्ता..." बापूंनी पानाकडे बोट दाखवलं.

"अहो, लग्नकार्याला सूट असतेच! त्याचं काय एवढं?" पंत म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

दिवस कलता वऱ्हाड निघालं. चांगुणा आईच्या गळ्यात पडली, मग बापूंच्या. हुंदके देत रडली. बापूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गाडीत बसताना तिने एकदा मागे वळून बघितलं. पण "दादा, जेवलात?" हे काही तिने विचारलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही. घरात बसून तिने घोष ऐकला होता.

मांडव रिकामा झाल्यावर बापू आत गेले. पाणी प्यावं म्हणून माठाकडे वळले, तर शिंकाळ्याखाली दुरडी दिसली. फडकं झाकलेलं. त्यांनी फडकं उचललं. खाली भाकरी होती. लाल मिलोची, थंडगार, आणि तिच्यावर पिवळी बोटं उमटलेली. ओल्या हळदीच्या हाताने थापलेली.

राहीबाई दाराशी आली. "पहाटं केली तिनं," ती डोळे पुसत म्हणाली. "हळदीच्या अंगानं चुलीपुढं बसू नये म्हनून मी किती वरडले. म्हनली, आये, दादा आजबी जेवनार न्हाईत. वऱ्हाड परत गेलं तरी जेवनार न्हाईत. त्यांना लागंल."

म्हणजे पोरीने सगळं धरलं होतं. बाप व्याह्यापुढे उपाशी बसेल, लग्न अडेल, मोडेलही, आणि सांजेला ती आणि बाप याच घरात असतील. तिने ते पत्करून भाकरी केली होती. साऱ्या गावात त्या भंडाऱ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्याच काळजीने बापूंनी तो खाली ठेवला होता.

बापूंनी भाकरीकडे हात नेला. तो तिथेच थांबला, भिमाजीच्या घरी थांबला होता तसा.

"भूक लागली व्हय?" राहीबाईने विचारलं.

"न्हाई," बापू म्हणाले, "पोट भरलंय." आणि दुरडी मांडीवर घेऊन ते रडायला लागले.